पालथ्या फळीचे कपाट

मित्रांनो, मी एक जुने, तिरपे कपाट आहे आणि गेली कित्येक वर्षे एका जिन्याखाली उभा आहे. माझी एक बाजू उंच माणसाच्या डोक्याला लागेल एवढी आहे, तर दुसरी जेमतेम गुडघ्यापर्यंत येते. माझी दोन दारे एका मापाची नाहीत. माझ्या अंगात औषधालाही काटकोन सापडणार नाही. हे सगळे मी आधीच सांगून टाकतो, कारण मला पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास मान तिरकी करतो आणि विचारतो, "हे असं का केलंय?" असे का केले, ते आज मी सांगणार आहे. ऐकून झाल्यावरही मी तुम्हाला वाकडा वाटलो, तर खुशाल वाटू द्या. मी सरळ होणार नाही.

घर माझ्याहून कितीतरी जुने आहे. ते कुणी बांधले हे आता कुणाला आठवत नाही, पण ज्याने बांधले त्याच्याजवळ ओळंबा नव्हता, याबद्दल घरात एकमत आहे. दारातून आत आले की डाव्या हाताला लाकडी जिना सुरू होतो. त्या जिन्याखाली एक तिकोनी पोकळी आहे. तिथली बाहेरच्या बाजूची भिंत मध्येच फुगली आहे. भिंतीला पोट सुटलंय, असे घरचे म्हणतात. जमीन उंबरठ्याकडे उतरती आहे. हातातून बटण पडले तर ते वाटेत कुठेही न रेंगाळता थेट उंबरठ्याला जाऊन टेकते. या घरात काही पडले की कुणी पलंगाखाली डोकावत नाही, आधी दाराकडे जाते.

बटणाचे उदाहरण मी उगाच दिलेले नाही. या घरात आत्या राहते आणि ती काज-बटणाचे काम करते. शिंपी शर्ट शिवतात, पण बटणासाठी जी चीर लागते ती कापायची, तिच्या कडा बारीक टाक्यांनी बांधून काज करायचे आणि समोर बटण लावायचे, एवढे काम ते तिच्याकडे पाठवतात. आत्याचे काज उसवत नाही. कॉलर फाटते, कापड विरते, काज आहे तसेच राहते. तिचे खरे नाव मी क्वचितच ऐकले. घरात ती भाच्याची आत्या होती, म्हणून गल्लीची झाली, शिंप्यांची झाली आणि तिच्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्या दूधवाल्याचीही झाली.

हे घर तिच्या वडिलांचे. वडिलांमागे तिथे तिचा मोठा भाऊ, वहिनी आणि भाचा राहत होते, आणि तीही राहत होती. लग्न तिने केले नाही. का केले नाही, ते तिने मला कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तिला घरात कुणी टाकून बोलत नव्हते. फक्त तिला बसायला जागा नव्हती. शर्टांचा गठ्ठा घेऊन ती पलंगाच्या कडेवर बसे, तर भाऊ म्हणे, "जरा उचल, पाठ टेकायचीय." जेवणाच्या टेबलावर मांडामांड करी, तर वहिनी म्हणे, "जरा उचल गं, ताटं घ्यायचीत." जिन्याच्या पायरीवर बसे, तर चार वर्षांचा भाचासुद्धा कमरेवर हात ठेवून म्हणे, "आत्या, जरा उचल." मग रिळे, सुया, मेणाचा गोळा, बटणांचे डबे, सगळे गोळा करायचे आणि दुसरीकडे मांडायचे. एकदा या उचलाउचलीत एका शर्टाला दुसऱ्याच शर्टाची बटणे लागली आणि शिंप्याने गठ्ठा परत पाठवला. आत्याच्या हातचा गठ्ठा तोवर कधी परत आला नव्हता. जिन्याखालची जागा आपली करायची, असे तिने त्याच दिवशी ठरवले.

भावाने हरकत घेतली नाही. "घे की, तिथे काय मावणार आहे," असे तो म्हणाला. खरेच काही मावेना. आधी दुकानातून तयार कपाट आले. चांगले चकचकीत, सगळे कोन जिथल्या तिथे. तिघांनी ते ढकलत नेले, पण ते जिन्याला अडले आणि निम्मे बाहेरच राहिले. उतारामुळे ते डुलू लागले, म्हणून एका पायाखाली वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. त्याचे दार आपणहून उघडायचे आणि जिना उतरणाऱ्याच्या गुडघ्यावर बसायचे. चौथ्या दिवशी ते परत गेले. मी त्याला कधी पाहिलेले नाही, पण त्याच्याविषयी इतके ऐकले आहे की मला त्याची कीव येते. बिचारे सरळ होते.

मग सुतारमिस्त्री आले. गल्लीत त्यांना 'पुठ्ठेवाले' म्हणत, कारण त्यांच्या सायकलला हत्यारांच्या पिशवीबरोबर जुन्या खोक्यांचे पुठ्ठे बांधलेले असत. आल्या आल्या ते जिन्याखाली उकिडवे बसले आणि म्हणाले, "ताई, एक बटण द्या बरं."

आत्याने दिले. मिस्त्रींनी ते जमिनीवर उभे धरले आणि सोडून दिले. बटण उंबरठ्याला जाऊन लागले तेव्हा ते समाधानाने हसले.

"मिस्त्री, टेप नाही लावत?" भावाने विचारले.

"सरळ घराचं माप घेतात," मिस्त्री म्हणाले. "या घराचा साचा घ्यावा लागेल."

साचा घ्यायची त्यांची रीत अशी होती. त्यांनी पुठ्ठा भिंतीजवळ उभा धरला. एक छोटी लाकडी चकती घेतली, तिच्या मधल्या भोकात पेन्सिल खोवली आणि ती चकती भिंतीवरून वरपासून खालपर्यंत फिरवत आणली. भिंत फुगली की चकती बाहेर यायची, भिंत आत गेली की तीही आत जायची आणि पेन्सिल ते सगळे मुकाट्याने पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायची. त्या रेघेवर पुठ्ठा कापून भिंतीला लावला, तेव्हा दोहोंमध्ये पोस्टकार्डसुद्धा शिरले नसते. असाच साचा त्यांनी जिन्याच्या पोटाचा घेतला आणि जमिनीचाही घेतला.

"आता तुमचा," ते आत्याला म्हणाले. "इथे बसा आणि काम करा."

"कसलं काम?"

"रोजचंच. मी आहे असं समजू नका."

आत्या स्टुलावर बसली आणि तिने एका शर्टाची सगळी काजे केली. मिस्त्री समोरच्या पायरीवर बसून बघत राहिले. तिचे कोपर कुठवर जाते, मान किती खाली येते, सुईतला दोरा संपला की हात कुठे जातो, हे सगळे त्यांनी खडूने भिंतीवर टिपले. रिळासाठी तिचा हात दर वेळी डाव्या मांडीजवळ जात होता, कारण इतकी वर्षे डबा तिथेच असायचा. मिस्त्रींनी रिळांचा खण बरोबर तिथे धरला. "हाताला आता कशाला नवीन शिकवायचं," ते म्हणाले. या घरात आत्याच्या मापाने झालेली पहिली वस्तू म्हणजे मी. याचा मला जो अभिमान आहे तो मी लपवणार नाही.

माझे लाकूड एका पाडलेल्या गोदामाच्या दोन दारांचे. जून, घट्ट आणि हट्टी. मिस्त्रींनी हिशेबाने ते माझ्यापुरते काढले होते. एक वीतही जास्तीचे नव्हते. आणि इथेच घोटाळा झाला.

साच्याच्या कोणत्या बाजूला भिंत आणि कोणत्या बाजूला घर, हे विसरू नये म्हणून मिस्त्री पुठ्ठ्यावर त्यांच्याकडे असलेल्या बाजूला 'आत' असे लिहून ठेवत. पण भिंतीचा साचा घेताना जागा इतकी अडचणीची होती, की त्या दिवशी त्यांना पुठ्ठ्याच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला घुसून बसावे लागले होते. सवयीने त्यांनी समोरच्या, म्हणजे खरे तर भिंतीकडच्या बाजूला 'आत' लिहिले. घरी जाऊन त्याप्रमाणे माझी भिंतीकडची मोठी फळी कापली आणि आतून कप्पे बसवण्यासाठी तिच्यावर आडव्या पाच खाचाही पाडल्या. दुसऱ्या आठवड्यात ती फळी, खाचा आतल्या बाजूला ठेवून, जिन्याखाली उभी केली, तर जिथे भिंतीचे पोट तिथेच फळीचेही पोट.

मिस्त्री पायरीवर बसले. 

"ताई, माझी चूक झाली," ते म्हणाले. "पालथी कापली मी फळी. आणि लाकूड संपलंय."

आत्याने फळीकडे बघितले. "उलटून लावली तर बसेल का?"

"बसेल हो. पण खाचा भिंतीकडे जातील. कप्पे कशात अडकवू?"

"या बाजूला दुसऱ्या पाडा."

"दोन्ही अंगांनी खाचलेली फळी मी आजवर कुणाला दिलेली नाही."

"एकीच्या मागे दुसरी येणार नाही अशा पाडा," आत्या म्हणाली. "काज चुकीच्या जागी कापलं गेलं तर मी शर्ट टाकून देते का? चीर पडली ती पडली. तिच्या कडा नीट बांधायच्या."

मिस्त्रींनी नव्या पाच खाचा पाडल्या, जुन्यांच्या अधल्यामधल्या जागेत. तरी त्यांचे मन त्यांना खात होते. भिंतीकडच्या खाचा पट्ट्या ठोकून बुजवून टाकतो, असे ते म्हणू लागले, कारण पुढच्या कडेला त्यांची तोंडे दिसत होती. आत्याने तेही करू दिले नाही. "राहू देत. भिंतीशिवाय कोण बघतंय?" ती म्हणाली.

अशा रीतीने माझी पाठ पाच चुकांसह भिंतीला लागली. ती फळी मिस्त्रींनी खिळ्यांनी ठोकली नाही, एका पाचरीने आवळली. "कधी भिंत बघायची वेळ आली तर पाचर काढा, फळी बाहेर येईल," असे त्यांनी बजावून ठेवले.

मी पूर्ण झालो तेव्हा मधली फळी खाली उघडून आत्याचे टेबल होत होते, डावीकडे रिळे होती, वर बटणांचे अठ्ठावीस छोटे खण आणि जिना जिथे जमिनीला टेकतो तिथे एक तिकोनी कप्पा, जो कशासाठी आहे हे मिस्त्रींनाही माहीत नव्हते. पहिल्या दिवशी आत्या बसली. थोड्या वेळाने वहिनी केरसुणी घेऊन आली आणि सवयीने म्हणाली, "जरा उचल गं." मग तिनेच इकडेतिकडे पाहिले. उचलण्यासारखे काही नव्हतेच. ती आत्याच्या स्टुलाभोवतीने केर काढून निघून गेली. आत्याने मान वर केली नाही, पण त्या काजाचा एक टाका वाकडा पडला आणि तो तिला पुन्हा घालावा लागला.

मित्रांनो, त्यानंतरची वर्षे माझ्या भरभराटीची होती. शिंपी दारातून गठ्ठा द्यायला येत आणि मला बघत उभे राहत. शेजारणी येऊन माझे खण उघडून बघत, आणि घरी जाऊन नवऱ्याला आपल्याही माळ्याखालची जागा दाखवत. पुठ्ठेवाल्यांना त्या गल्लीत माझ्यामुळे तीन कामे मिळाली. डोक्यावरून दिवसभर पावले जात, त्यांवरून कोण कुठल्या मूडमध्ये आहे ते मला कळे. तिकोनी कप्प्याचा उपयोगही सापडला. भाचा त्यात बसून गृहपाठ करू लागला. गृहपाठ कमी आणि उद्योग जास्त. माझ्या कडेला त्या पाच खाचांची तोंडे त्याला सापडली होती. आत्याच्या खणातले एकेक बटण चोरून तो त्या फटीत सोडायचा आणि ते आत घरंगळत जाण्याचा आवाज कान लावून ऐकायचा. आत्या बटणे मोजायची आणि पुन्हा मोजायची. मी कुणाची चहाडी केली नाही.

मग दिवस पालटले. काज करणारी यंत्रे आली. ज्या शर्टाला आत्याला अर्धी दुपार लागायची तो यंत्र चहा उकळेपर्यंत मोकळा करी. गठ्ठे कमी झाले. कोट शिवणारे दोन शिंपी तेवढे राहिले. जाड कापडाला हाताचेच काज लागते, असे त्यांचे म्हणणे होते. मिस्त्री गेले. वहिनीही गेली. भाऊ थकला, त्याचा पलंग खालच्या खोलीत आला. भाचा मोठा झाला, कमावू लागला आणि घराचा कारभार त्याच्याकडे गेला. माझ्या माथ्यावर हेल्मेट आले, विजेची बिले आली, बंद पडलेला रेडिओ आला. एका दारावर खिळा ठोकून कुणीतरी दिनदर्शिका टांगली. मला न विचारता. बिजागऱ्यांना तेल मिळेना, म्हणून मी करकरू लागलो. गरज नसतानाही करकरलो, हे कबूल करतो. गप्प बसणारे कपाट लोक विसरतात.

आणि एके दिवशी सकाळी भाचा एका फर्निचरवाल्याला घेऊन आला. तरुण, चटपटीत माणूस. त्याच्याकडे एक छोटे यंत्र होते, त्यातून भिंतीवर लाल रेघ पडे. रेघ अगदी सरळ होती. घर नव्हते. तो दोनदा यंत्र हलवून बघता झाला, मग त्याने ते बंद केले.

"हे सगळं काढायचं," भाच्याने त्याला सांगितले. "इथे वॉशिंग मशीन आणि पुढून पांढरी दारं. एकदम प्लेन."

आत्या नेहमीच्या जागी बसून कोटाचे काज करत होती. "आणि मी?" तिने विचारले.

"तुला वरच्या गॅलरीत मस्त आरामखुर्ची टाकतो," भाचा म्हणाला. "आता किती दिवस डोळे फोडणार आहेस, आत्या? आराम कर."

तो वाईट माणूस नाही. ते त्याने मनापासून म्हटले होते, आणि म्हणूनच मला धडकी भरली. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येते. माया करून हुसकावणाऱ्याशी काय करायचे?

"मी इथेच बरी आहे," आत्या म्हणाली.

"अगं, पण हे मागून कुजलंय. भिंतीला ओल आहे. स्वयंपाकघरातलं नवीन कपाट याच भिंतीला होतं, दोन वर्षांत फुगून पाव झाला त्याचा. हे तर किती जुनं. वाळवी लागली तर जिना खाली येईल."

आत्याने सुई कापडात टोचून ठेवली. "कुजलं असेल तर पहिली करवत मी मारते," ती म्हणाली. "आणि कुजलं नसेल तर हे इथेच राहील. बोल, आहे कबूल?"

"कबूल," भाचा म्हणाला. त्याला खात्रीच होती.

मित्रांनो, एवढा वेळ मी तुमच्यापुढे बराच तोरा मिरवला. आता खरे सांगतो. मला माझी पाठ दिसत नाही. इतक्या वर्षांत एकदाही दिसली नव्हती. भिंत ओली होते हे मला माहीत होते. दर पावसाळ्यात तिचा गार वास यायचा. स्वयंपाकघरातले ते कपाट भिंतीला घट्ट चिकटून होते, निर्दोष होते आणि तरी कुजले. मी तर दोन्ही अंगांनी खाचलेला, चुकून कापलेला. आत्याने स्वतःची जागा माझ्या पाठीवर पणाला लावली होती आणि त्या पाठीचा मलाच भरवसा नव्हता. मी घाबरलो होतो. पण करकरलो नाही.

फर्निचरवाल्याने माझे खण एकेक करून बाहेर काढले. आत्याने ते क्रमाने पायऱ्यांवर मांडले. मग त्याला पाचर दिसली. "ही कुणी बसवली?" म्हणत त्याने हातोडीने तिला हलकेच दोन टोले दिले. पाचर निघाली. त्याने मोठी फळी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. मी माझ्याकडून काही अडवले नाही. जे असेल ते दिसू दे, असे मला वाटले.

फळी बाहेर आली आणि तिच्यामागून बटणे ओघळली. पाच-दहा नव्हेत, चांगली ओंजळभर. पांढरी, निळी, कोटाची मोठी तपकिरी. जमिनीवर टपटप पडली आणि सगळी मिळून उंबरठ्याकडे निघाली. उंबरठ्यात भाचा उभा होता. ती त्याच्या पायांना येऊन टेकली. तो खाली बघत राहिला आणि त्याचे कान लाल झाले.

"अस्सं," आत्या म्हणाली. "मी शिंप्याला बोल लावत होते."

फर्निचरवाल्याने फळी उलटी करून जिन्याला टेकवली आणि तिच्यावरून तळहात फिरवला. मग नखाने टोचून बघितले. "कोरडी आहे," तो म्हणाला. "खाली बोटभर नरम झालीय, तेवढंच." तो पुन्हा वाकला, त्या खाचांवरून बोट फिरवत गेला आणि एकदम हसू लागला. "ज्यानं हे केलं त्यानं खाचा उलट्या बाजूला पाडल्या की हो."

"चुकला होता," आत्या म्हणाली. "तसं कबूलही केलं होतं त्यांनी."

"ही चूक झाली म्हणून वाचलं हे. या खाचांतून वारा खेळत राहिला, भिंतीची ओल फळीत बसली नाही. स्वयंपाकघरातलं चिकटून होतं म्हणून गेलं."

मला त्या क्षणी मिस्त्रींची फार आठवण झाली. आयुष्यभर ज्या खाचांची त्यांना लाज वाटली, त्या बुजवल्या असत्या तर आज माझा भुसा झाला असता. हे त्यांना कळायला हवे होते.

पण गोष्ट इथे संपली नाही. भाचा बटणे गोळा करून आला आणि ती टेबलावर ठेवत म्हणाला, "बरं, कुजलं नाही. मान्य. पण आत्या, तरी जरा विचार कर ना. तुला खरंच आता कामाची काय गरज आहे? तू आमच्याकडे राहतेस, तुला काही कमी पडू देतो का आम्ही?"

 आत्या स्टुलावरून उठली. उभी राहिली की तिचे डोके जिन्याला लागते, म्हणून ती माझ्यापुढे कायम बसलेलीच असे. त्या दिवशी ती एक पाऊल बाहेर येऊन ताठ उभी राहिली.

"मी तुमच्याकडे राहत नाही," ती म्हणाली. "मी माझ्या घरात राहते. तुझा जन्म व्हायच्या आधीपासून राहते."

भाचा काही बोलणार होता. तिने हातानेच थांबवले.

"मघाशी मी कपाटावर पैज लावली, ते चुकलंच माझं. हे कुजलेलं निघालं असतं तरी मी दुसरं करून घेतलं असतं. इथंच. गठ्ठे येतात म्हणून मी इथे बसत नाही. उद्या एकही कोट आला नाही, तरी ही जागा माझी आहे. आजवर तुम्ही सगळ्यांनी सांगितलं तसं मी उचललं. पलंगावरून उचललं, टेबलावरून उचललं. आता नाही उचलणार."

तिचा आवाज चढला नव्हता.  मित्रांनो, माझी पाठ कोरडी निघाल्याचा आनंद मला झाला होता, तो त्या वेळी अगदी छोटा वाटला. मला वाटत होते की मी तिची जागा राखतो आहे. जागा तिचीच होती, मी तिथे नुसता उभा होतो.

खालच्या खोलीतून म्हाताऱ्या भावाचा आवाज आला. त्याला सगळे ऐकू गेले होते. "मशीन बाथरूमच्या कोपऱ्यात ठेव," तो म्हणाला. "तिला उठवू नकोस."

"बाबा, तिथे नाही बसत ते. कोपरा तिरका आहे."

"मग साचा घे म्हणावं त्याला."

फर्निचरवाला डोके खाजवत आधी लाल रेघेच्या यंत्राकडे आणि मग पायरीला टेकवलेल्या माझ्या फळीकडे बघत राहिला. शेवटी त्याने भाच्याला विचारले, "घरात एखादं जुनं खोकं आहे का? पुठ्ठ्याचं?"

माझी खालची बोटभर नरम कड त्याने कापून टाकली आणि तिथे दगडाच्या दोन चिपा ठेवल्या. फळी परत लावताना, पट्ट्या मारून खाचा बुजवू का, असे त्याने विचारले. आत्या आणि भाचा एकदमच नको म्हणाले. पाचर भाच्याने स्वतः ठोकली. दारावरचा खिळा काढला, हेल्मेट दुसरीकडे नेले आणि बिजागऱ्यांना तेल घातले. त्यामुळे सध्या मला करकरता येत नाही, ही एक गैरसोय आहे. गेल्या रविवारी, आत्या डोळे मिटून बसली आहे असे बघून त्याने एक पांढरे बटण हळूच वरच्या फटीत सोडले आणि कान लावला. तीही गालातल्या गालात हसली, पण डोळे तिने उघडले नाहीत.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात एखादा अडचणीचा कोपरा असेल आणि त्यात माझ्यासारखे काहीतरी वाकडेतिकडे उभे असेल. त्याला अधूनमधून तेल द्या, त्याच्या अंगावर खिळे ठोकू नका, त्याच्या माथ्यावर अडगळ रचू नका. ते जुने झाले म्हणून कुजले असेल, असे न बघता ठरवू नका. आणि त्याच्यापुढे कुणी बसत असेल, तर त्या माणसाला 'जरा उचल' म्हणण्याआधी दोनदा विचार करा.

माझे म्हणाल तर मी जिन्याखाली आहे आणि तिरपाच आहे. मला हलवायचे असेल त्याने आधी आत्याला विचारावे. ती काय म्हणेल, ते तुम्ही आत्ताच ऐकले आहे.